सुटकेची तयारी दाखल होण्याच्या दिवशीच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. कारागृहाचा मोठा दरवाजा, गळ्यात हार, हातात श्रीफळ, शेजारी अधीक्षक. जन्मठेप भोगून, वर्तणूक चांगली म्हणून उरलेल्या शिक्षेत सूट मिळालेले हे बंदी. छायाचित्राला आमची हरकत नाही. पंधरा-वीस वर्षांनी माणूस घरी निघाला तर त्याला हार घालावाच. पण तुरुंगातल्या गर्दीत असे बंदी थोडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि माणसे होती ५,७३,२२०. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी, खटल्याचा निकाल अजून न लागलेले. त्यांच्या सुटकेचे छायाचित्र कोणी काढत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कपडे कोंबून ते दिवेलागणीनंतर बाहेर पडतात आणि बस कुठून मिळेल ते विचारत चालू लागतात.

आम्ही ग्वाल्हेरची काही मराठी मंडळी या कामाशी निरनिराळ्या बाजूंनी जोडलेली आहोत. कोणी विधी सहाय्यात, कोणी आरोग्यसेवेत, कोणी कामधंद्याच्या प्रशिक्षणात. पुनर्वसन म्हटले की नवी इमारत, योगशिबिर आणि शिलाई यंत्रांचे उद्घाटन एवढेच डोळ्यांपुढे येते. आमचे म्हणणे वेगळे आहे. सुटकेची तयारी माणूस आत येतो त्या दिवशी, गेटवरच्या नोंदवहीपासून सुरू व्हायला हवी. त्याला पैसा फार लागत नाही आणि लागणारे नियम बहुतेक आधीच लिहून ठेवलेले आहेत.

हे ग्वाल्हेरहून लिहिण्याला कारण आहे. एप्रिल १९७२ मध्ये इथून जवळच जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे चंबळचे दरोडेखोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुका खाली ठेवल्या. त्या वेळी फाशीचे काय, बायकामुलांचे काय, पुढे पोट कशावर भरायचे, हे शस्त्रे ठेवण्याआधीच बोलले गेले होते. मग मुंगावलीला खुले शिबिर, म्हणजे खुला तुरुंग, निघाले, तिथे हे बागी शेती करू लागले. उलट टोकाचे उदाहरणही याच मुलखातले. फेब्रुवारी १९८३ मध्ये भिंडला शरण आलेल्या फूलनदेवीने आधी ग्वाल्हेरच्या आणि मग तिहारच्या तुरुंगात मिळून अकरा वर्षे खटला न चालता काढली. पुढचे आधी ठरवून तसे केले तर काय होते आणि न केले तर काय होते, ते दोन्ही चंबळने पाहिले आहे.

आता गेटवर येऊ. नव्या बंद्याची उंची, वजन, शरीरावरच्या खुणा, जवळच्या वस्तू लिहिल्या जातात. घरच्यांचा फोन नंबर विचारला की तो गप्प बसतो. नंबर फोनमध्ये असतो, फोन जप्तीत आणि डोक्यात एकही नंबर नसतो. कारागृहाच्या फोनवरून आधी पडताळलेल्या नंबरांवरच बोलता येते. पडताळणीला कागद लागतो, कागद घरी आणि घरी कळवायला नंबर नाही. हा फेरा कधी कधी दोन-तीन आठवडे चालतो. तेवढ्यात जामिनाची पहिली तारीख निघून जाते. वास्तविक अटकेची खबर नातेवाइकाला देणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे एक तरी नंबर ठाण्यातल्या अटकेच्या कागदावर असतोच. रिमांडच्या वॉरंटसोबत त्या कागदाची प्रत गेटवर मागून घ्यायची, एवढेच करायचे आहे.

पहिल्या भेटीला घरचे आले की त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सिमकार्ड नव्वद दिवस वापरात नसेल आणि त्यात शिल्लकही नसेल, तर कंपनी ते बंद करते आणि नंबर पुढे दुसऱ्याला देते. आधार आणि बँक त्याच नंबराला जोडलेली असतात. वर्षाने माणूस सुटतो तेव्हा त्याचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. घरच्यांनी अधूनमधून थोडका रिचार्ज टाकत राहिले की हे टळते, पण ते त्यांना सांगणारे कोणी लागते.

दुसरी नोंद कलमांची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि ते जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले. ज्याला आधी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, त्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने अधीक्षकांवर टाकली आहे, बंद्याच्या वकिलाची वाट पाहायची नाही. साध्या चोरीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) ला, जास्तीत जास्त ३ वर्षे. पहिल्या वेळेला त्याची तिजाई १ वर्ष. घरातल्या चोरीला, कलम ३०५ ला, ७ वर्षे. तिजाई २ वर्षे ४ महिने. आता असे धरा की वॉरंटवर ३०५ होते, दोषारोपपत्रात पोलिसांनी ते ३०३(२) वर आणले, पण कारागृहाच्या नोंदीत जुनेच राहिले. मग त्या माणसाचे नाव यादीत सोळा महिने उशिरा येणार. म्हणून दाखल होतानाच दोन तारखा लिहाव्यात, तिजाईची आणि निम्म्याची. आणि दोषारोपपत्र दाखल झाले की त्या पुन्हा काढाव्यात, तीही पेन्सिलीने नव्हे, सहीनिशी.

यादी करताना दोन चुका वारंवार होतात. आधी केस झाली होती पण सुटला, असा माणूस ‘पहिल्या वेळचा नाही’ म्हणून गाळला जातो. कायदा शिक्षेविषयी बोलतो. नुसत्या केसने तो सराईत ठरत नाही. दुसरी चूक, एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले चालू असतील तर ही सवलत नाही, या अटीची. एकाच एफआयआरमध्ये चार कलमे दिसली की लिपिक नावावर काट मारतो. ती अट लागते की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. कारागृहाने अर्ज तर पाठवावा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीत जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक असतात. ती तिमाहीला बसते. यादी मात्र दर आठवड्याला ताजी हवी.

जामीन मिळाल्यावरची गोष्ट याहून वाईट. मध्य प्रदेशात जामीनदार म्हटले की भू-अधिकार ऋणपुस्तिका, म्हणजे शेतजमिनीच्या मालकीची पुस्तिका, आली. बुंदेलखंडातून किंवा झारखंडातून बांधकामावर आलेल्या मजुराला ग्वाल्हेरात शेतजमीनवाला कोण ओळखणार? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात यावर पायरीपायरीने सांगून ठेवले आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोचवायची, कारागृहांच्या ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीत तारीख टाकायची, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे, महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करायचा, आणि स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरायचा नाही.

गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. २०२३ च्या मूळ मार्गदर्शिकेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. अडचण अशी की आदेशात रोख मागितलेली नसते, जामीनदार म्हणून माणूस मागितलेला असतो. योजनेचा पैसा माणूस उभा करू शकत नाही. म्हणून विधी सहाय्याच्या वकिलाने आधी अट बदलून घेण्याचा अर्ज द्यावा, जामीनदाराऐवजी रोख अनामत किंवा नुसते वैयक्तिक बंधपत्र, आणि मग जिल्हा समितीकडे पैसे मागावेत. उलट्या क्रमाने गेले की फाइल दोन महिने इकडून तिकडे फिरते.

आदेशातली एक चूक किती महाग पडते ते जून २०२५ मध्ये दिसले. आदेशात उपकलमाचा आकडा राहिला म्हणून गाझियाबादच्या कारागृहाने एका बंद्याला २८ दिवस सोडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारकडून त्याला ५ लाख रुपये भरपाई देवविली. अशा चुका नावात, वडिलांच्या नावात, गुन्हा क्रमांकात रोज होतात. उपाय अर्ध्या पानाचा आहे. वॉरंटवर जसे आहे तसे नाव, वडिलांचे नाव, ठाणे, गुन्हा क्रमांक, प्रकरण क्रमांक आणि उपकलमांसह कलमे छापलेली चिठ्ठी कारागृहाने वकिलाला द्यावी आणि वकिलाने ती जामीन अर्जाला जोडावी. स्टेनो तीच पाहून टंकेल. आदेश संध्याकाळच्या मोजणीआधी पोचला नाही आणि बराकी बंद झाल्या, तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, हेही वकिलांनी ध्यानात ठेवावे.

आता तब्येत. दाखल होताना ‘काही आजार?’ असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘शेवटची दारू केव्हा घेतली आणि रोज किती?’ असे विचारायला हवे. रोजच्या पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो. माणूस रात्री ओरडतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. ‘नाटक करतोय’ म्हणून त्याला एकट्याला कोठडीत टाकणे ही सर्वांत घातक चूक. त्याला डॉक्टरच्या नजरेखाली ठेवून वेळेवर औषध आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) मिळाले तर जीव वाचतो. स्मॅक किंवा तत्सम नशेच्या माणसाचा धोका उलट्या वेळी असतो. आत राहून शरीराची सवय मोडते, सुटल्यावर तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत दगावतो. हे त्याला आणि घरच्यांना सुटकेपूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

खरूज हा विषय क्षुल्लक वाटेल, पण बराकीत तोच सर्वांना छळतो. आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत दर माणसी ३.७१ चौरस मीटर जमीन आणि जास्तीत जास्त वीस माणसे असे धरले आहे. रात्रीसाठी दर दहा जणांमागे एक शौचालय. प्रत्यक्षात घोंगडीला घोंगडी लागते, आणि एकाला खाज सुटली की पंधरा दिवसांत सगळी रांग खाजवते. दवाखान्यात आलेल्या दहा जणांना ट्यूब देऊन काही होत नाही. ज्यांना खाज नाही त्यांच्याही अंगावर किडा असतो; खाज पुष्कळदा महिन्याने सुरू होते. बराकीतल्या सर्वांना एकाच रात्री औषध लावावे लागते. ५ टक्के परमेथ्रिनची ३० ग्रॅमची एक ट्यूब मोठ्या माणसाला एका वेळी पुरते. आठवड्याने तेच पुन्हा करायचे, म्हणजे साठ जणांच्या बराकीला १२० ट्यूब. मागणीपत्रकात साठच लिहिल्या की मोहीम फसलीच म्हणून समजा. गर्दीत ट्यूब पुरवणे जमत नसेल तर डॉक्टरांनी वजनावर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांचे दोन डोस द्यावेत.

लावायची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची. आधी लावले तर जेवताना हात धुतले जातात आणि किड्याचा मुख्य अड्डा बोटांच्या बेचक्यांतच असतो. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत, कुठे कोरडे राहता कामा नये. रात्री शौचाला जाऊन हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे. आठ ते बारा तासांनी आंघोळ आणि धुतलेले कपडे. घोंगड्या उकळत्या पाण्यात घालता येत नाहीत. त्या मोठ्या पिशव्यांत तोंड घट्ट बांधून निदान तीन दिवस, जमल्यास आठवडा ठेवल्या की किडा उपाशी मरतो. त्या दिवसांसाठी दुसऱ्या घोंगड्या हव्यात, आणि नेमक्या त्याच नसतात. म्हणून ही मोहीम ग्वाल्हेरच्या जानेवारीत घेऊ नये. बोचऱ्या थंडीत कोणी आंघोळीलाही तयार होत नाही आणि घोंगडीही देत नाही. मार्च किंवा ऑक्टोबर बरा. आणखी एक: किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. हे आधी सांगितले नाही तर ‘औषध नकली होते’ अशी बोंब होते आणि लोक रोज लावून कातडी सोलून घेतात. रोज येणाऱ्या नव्या बंद्यांना पहिल्या रात्रीच वेगळ्या बराकीत औषध लावले नाही, तर सगळे मुसळ केरात.

क्षयाचे औषध निदान सहा महिन्यांचे. माणूस तिसऱ्या महिन्यात अचानक जामिनावर सुटतो, तेव्हा औषधालय बंद झालेले असते. पंधरा दिवसांच्या गोळ्यांची नावानिशी पुडी आणि निक्षय क्रमांकाची, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदीच्या क्रमांकाची, चिठ्ठी गेटवरच तयार ठेवली तर उपचार तुटत नाही. पोषणाचे महिन्याचे १,००० रुपयेही त्याच क्रमांकावर चालू राहतात.

कामधंद्याकडे वळताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. वर्षभराचा अभ्यासक्रम कच्च्या कैद्याच्या उपयोगाचा नाही. बहुतेकांचा मुक्काम त्याआधीच संपतो आणि कोर्टाच्या तारखांनी निम्मे वर्ग बुडतात. त्यांना दोन-तीन आठवड्यांचे तुकडे हवेत: सही करण्यापुरती अक्षरओळख, वायरिंगची मूलभूत कामे, नळजोडणी, दुचाकीची सर्व्हिसिंग. लांबचे शिक्षण शिक्षा झालेल्यांसाठी ठेवावे. ग्वाल्हेरच्या हातमागाच्या गालिच्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काम आत शिकवणे रास्तच. पण माग माणसाबरोबर घरी जात नाही. सुटण्याच्या तीन महिने आधी बाहेरच्या विणकामाच्या कारखानदाराशी त्याची गाठ घालून द्यावी. इथल्या दगडाचे काम शिकवायचे तर पाणी सोडून ओले कापायलाच शिकवावे. कोरड्या धुळीने फुप्फुसे जातात आणि मागून क्षय येतो.

प्रमाणपत्रावर केंद्राचा पत्ता ‘केंद्रीय कारागृह’ असा छापला की तो कागद माणूस कुणाला दाखवत नाही. आयटीआय किंवा मुक्त विद्यालयाच्या नावाने ते देता येते. मजुरीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले आहे की ती रास्त असावी आणि तिचा काही भाग गुन्ह्याने पीडित झालेल्यांसाठी राखावा. कामाची वाटणी आणि नोंदवहीतला जातीचा रकाना याविषयी ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल स्पष्ट आहे: जातीवरून झाडलोट आणि जातीवरून स्वयंपाक घटनाविरोधी. नियम बदलले तरी झाडलोटीच्या यादीतली आडनावे बदलली का, हे एकदा महिनाभराची हजेरी काढून पाहावे.

आजन्म कैद्यांसाठी मध्य प्रदेशात १९५४ पासून परिवीक्षेवर सोडण्याचा वेगळा कायदा आहे. त्यात पात्र बंदी पालकाच्या देखरेखीखाली परवान्यावर बाहेर राहतो. अर्ज अडतात ते ठाण्याच्या अहवालावर. ‘सोडल्यास शांततेस बाधा’ ही ठरीव ओळ, कारण नाही, गावात कोणाला विचारले ते नाही. अहवालात कोणाशी, कोणत्या तारखेला बोलणे झाले, हे दोन रकाने सक्तीचे केले तरी फरक पडेल. महिलांच्या विभागात सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत राहतात. त्यांची अंगणवाडी भिंतीबाहेर असावी, एवढेच इथे म्हणतो.

हे सगळे करणार कोण, असा प्रश्न येईल. निकष दर २०० बंद्यांमागे एक सुधार अधिकारी, ३०० मागे एक डॉक्टर, ५०० मागे एक समुपदेशक असे आहेत. भोपाळच्या विधानसभेने २०२४ मध्ये ‘सुधारात्मक सेवा’ नावाचा नवा कायदा केला. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. ही पदे भरायला मात्र वित्त विभागाची सही लागते.

शेवटी बाहेर पडणाऱ्याच्या हातातली पिशवी. तिच्यात सुटकेच्या आदेशाची प्रत, पासबुक, औषधाची पुडी, गावापर्यंतचे भाडे आणि हाताएवढे एक कार्ड असावे. कार्डावर मोठ्या देवनागरीत पुढची तारीख, कोर्ट खोली क्रमांक आणि विधी सहाय्याच्या वकिलाचा फोन. परत आत येणाऱ्यांतले कित्येक जण नव्या गुन्ह्यात येत नाहीत. तारीख चुकली, वॉरंट निघाले आणि धरून आणले, असे येतात. कोर्टाला सांगायला त्यांच्याकडे काही नसते.

आपल्या वार्ताहराला एक विनंती. येत्या पंधरा ऑगस्टला हारांचे छायाचित्र काढून झाले की अधीक्षकांना एवढेच विचारावे: जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटलेले किती जण आज आत आहेत? हा आकडा त्यांना विधी सेवा प्राधिकरणाला कळवावाच लागतो, तेव्हा तो त्यांच्या टेबलावर असणारच. छायाचित्राखाली तोही छापावा.

आपले,
विधी सहाय्य, आरोग्य व प्रशिक्षण क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक,
लष्कर, ग्वाल्हेर